फवारणी-पंपाच्या बॅटरीचा चार्जर

ऐन कीड पडली असतां पाठीवरील पंपाची १२ व्होल्टची बॅटरी बसणें म्हणजे हातचें पीक जाणें होय. दोष पुष्कळदां बॅटरीचा नसून चार्जरचा असतो. चार्जरची पाटी स्वतः घडवूं इच्छिणारानें आधीं आंकडे मांडावे, मग डाख हातीं घ्यावा.

शिसें-आम्लाच्या ८ ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीस १ ॲम्पिअर प्रवाह पुरे. दाब १४.४ व्होल्टवर पोहोंचला कीं तेथेंच धरावा, व प्रवाह ओसरतांच १३.६ वर आणावा. हें उतरविणें ज्यांत नाहीं, त्या चार्जरावर रात्रभर राहिलेल्या बॅटरींतील पाणी वायुरूपानें उडून जातें. हे आंकडे २५ अंश उष्णतेचे. पुढें दर अंशास सुमारें २० मिलिव्होल्ट घटवावे लागतात. विदर्भांतील ४५ अंशांच्या उन्हाळ्यांत ही घट ०.४ व्होल्ट भरते! म्हणून बॅटरीस चिकटून थर्मिस्टर हवाच.

पहिला नमुना ब्रेडबोर्डावर करूं नये, असें आम्हांस वाटतें; सैल स्पर्शांनीं मापें चुकतात. भोंकांच्या पाटीवर डाख देऊन जोडणी करावी. बॅटरीऐवजीं प्रथम १० ओमचा दणकट रोधक लावून प्रवाहाची मर्यादा, नंतर ४७ ओमचा लावून दाब तपासावा. उलट जोडणीसाठीं फ्यूज व डायोड अवश्य. शेतघरांतला दिवा अंधुकच असतो. छापील पाटीची मागणी यानंतर द्यावी.