एप्रिलमध्ये लडाखला स्नोबोर्डिंग? नांदेड-लातूरकरांनो, पहिले दोन दिवस नुसते बसा!

नांदेड-लातुरात पारा चाळिशी गाठतो, तेव्हा लडाखच्या उंच खिंडींत अजून बर्फ असतो. स्नोबोर्डिंगला निघणारे आधी बोर्ड आणि बुटांची चौकशी करतात. खरी अडचण मात्र हवेची आहे.

नांदेडहून 'सचखंड'ने दिल्ली गाठेपर्यंत उंचीचा त्रास होत नाही. तिथून विमान दीड तासात लेहला, म्हणजे थेट ३,५०० मीटरवर उतरवतं. लातूर आहे साधारण ६३० मीटरवर. लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश, तर ५,३५९ मीटरवरच्या खारदुंगला खिंडीत जवळपास निम्मा. प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच कमी.

मग करायचं काय?
पहिले ४८ तास विश्रांती. आठ दिवसांच्या रजेतले दोन असे जातात, पण इलाज नाही. नंतरही मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नका. डोकं दुखलं, मळमळलं तर वर जाणं थांबवा. बसल्या जागी धाप लागली किंवा तोल जाऊ लागला तर लगेच खाली उतरा, सकाळची वाट पाहू नका. रोज जिम करणाऱ्यांनाही यातून सूट नाही.

बर्फ कसा असतो?
लडाख हे थंड वाळवंट. वर्षाला पाऊस-बर्फ मिळून जेमतेम १०० मिमी. त्यामुळे अनेक उतारांवर थर पातळ आणि खाली दगड. गुलमर्गसारखा गोंडोलाही नाही, बोर्ड पाठीवर बांधून चढायचं. पहाटे बर्फ काचेसारखा कडक असतो, उन्हं चढली की मऊ होतो. घसरायची वेळ हीच. दुपारी तो ओला, जड होतो आणि हिमस्खलनाचा धोका वाढतो. स्थानिक गाईड 'चला खाली' म्हणाला की 'अजून एक राउंड' नको.