रंगीन महालाचे खांब आणि आपले माळवद

बीदर म्हटले की दगडाचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. बहामनी सुलतान अहमदशहा वली याने गुलबर्ग्याहून राजधानी येथे आणली आणि इ. स. १४३२ च्या सुमारास किल्ला पुरा केला. ते तट, तो खंदक, महमूद गावानाचा १४७२ चा मदरसा, बरीदशाहीचे घुमट, सारे काही दगडाचे नि चुन्याचे. परंतु या शहराची खरी नजाकत पाहावयाची असेल, तर ती लाकडात पाहावी, असे मला वाटते.

गुम्बद दरवाजातून आत गेले की जवळच रंगीन महाल आहे. बाहेरून अगदी साधा. कोणी सांगितले नाही तर पुढे निघून जावे असा. अली बरीदशहाने (१५४२–८०) त्याला आजचे रूप दिले. आतल्या खोल्यांत काळ्या दगडात बसविलेले शिंपल्यांचे काम आहे, रंगीत फरशांची नक्षी आहे. पण पाय खिळतात ते दालनातील कोरीव लाकडी खांबांपाशी. खांबावरील हस्त, त्यांवर टेकलेल्या तुळया, त्यांवरील वेलबुट्टी पाहताना देवळाच्या सभामंडपात आहोत की सुलतानाच्या महालात, असा संभ्रम पडतो. राज्य मुसलमानी, पण सुताराची परंपरा या मातीतली. पुढे १६१९ साली बीदर जिंकणारा विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशहा हा 'किताब-ए-नौरस'चा कर्ता. तोही असाच दोन्ही परंपरांत रमणारा.

याच किल्ल्यात दिवाण-इ-आमही आहे. तेथील लाकडी खांब नाहीसे झाले. उरल्या त्या फक्त दगडी बैठका. एका ठिकाणी लाकूड जपले गेले, दुसऱ्या ठिकाणी गेले, आणि त्याबरोबर सारे दालनच गेले. लाकडी बांधणीचा हा धर्मच आहे. तंबोरे-सतारींच्या घरात वाढलेल्या माझ्यासारख्याला तो नवा नाही. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आखडते. त्याला रोज हात लागावा लागतो. हात सुटला की वाद्य मुके होते, आणि घर पडते.

बीदर-भालकी-कल्याणपासून आळंद-गुलबर्ग्यापर्यंत जुनी घरे याच शास्त्राची आहेत. तळखड्यावर खांब, खांबावर हस्त, त्यावर तुळई, तुळईवर कड्या, त्यांवर फळ्या, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर: हे माळवद. दोन खांबांमधले अंतर तो 'खण'. घर केवढे, तर इतक्या खणांचे, असे सांगत. पावसाळ्यापूर्वी वर नवी पांढरी माती टाकावयाची, पन्हळी मोकळ्या करावयाच्या, एवढी निगा घेतली तर वाडा पिढ्यान्‌पिढ्या उभा राही.

या घरांवर मोठा घाला पडला तो ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादकडची गावे उद्ध्वस्त केली. हजारो माणसे झोपेतच गेली. लोकांनी धसका घेतला तो माळवदाचा. वस्तुतः घात केला तो मुख्यतः चिखलात रचलेल्या गोट्यांच्या जाड भिंतींनी आणि वर्षानुवर्षे चढवीत गेलेल्या मातीच्या भाराने. जेथे लाकडी सांगाडा धड होता, तेथे भिंत बाहेर ढासळली तरी पुष्कळदा छत खांबांवर तोलून राहिले. पण हा विवेक करावयास कोणाला सवड होती? वाडे उतरविले गेले, खांब-चौकटी विकल्या गेल्या.

रंगीन महालाला कायद्याचे छत्र लाभले. निजामाच्या राज्यात १९१४ साली पुराणवस्तु-खाते निघाले आणि त्याचे संचालक गुलाम याझदानी यांनी बीदरच्या इमारतींची निगराणी केली. त्यांचा बीदरवरील ग्रंथ १९४७ साली निघाला. १९५६ साली राज्यपुनर्रचना होऊन बीदर म्हैसूर राज्यात गेले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे आले. सीमा बदलल्या, पण किल्ल्याचे संरक्षण चालू राहिले. आज तो भारतीय पुरातत्त्व खात्याकडे आहे, आणि २०१४ पासून दख्खनी सुलतानांच्या स्मारकांबरोबर युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. साध्या वाड्याचे मात्र कोणी नाही.

इंग्लंडात ही उणीव त्यांनी भरून काढली. तेथील शेतकऱ्यांची जुनी घरेही लाकडी सांगाड्याचीच: ओकचे खांब, कुसू-खाचेचे सांधे, लाकडी खुंट्या, मध्ये कुडाच्या भिंती. १९४७ च्या कायद्यापासून अशा घरांची सरकारी यादी होऊ लागली. घर मालकाचेच राहते, तो त्यात नांदतो. पण परवानगीवाचून त्याला ते पाडता येत नाही की त्याचे रूप बदलता येत नाही. केंट परगण्यातील 'बेलीफ' नावाचे शेतघर बीदरच्या किल्ल्याच्याच काळातले. तलावाखाली जाणार म्हणून १९६८-६९ च्या सुमारास ते सांधा-सांधा सोडवून उतरविले आणि ससेक्समधील सिंगलटनच्या संग्रहालयात पुन्हा उभे केले. सुलतानाचे नव्हे, एका शेतकऱ्याचे घर!

आपल्या बडोद्यातही तांबेकरांचा वाडा पुरातत्त्व खात्यामुळे टिकला आहे. पण बाकीचे? आपल्यापैकी कित्येकांचे मूळ वाडे गावी कुलूपबंद आहेत. भाऊबंदकीत ना कोणी राहते, ना कोणी शाकारते. सारेच वाचतील असे नाही, आणि राहणाऱ्याने गैरसोय सोसावी असेही मी म्हणणार नाही. परंतु वाडा उतरविण्यापूर्वी त्याचे माप घ्यावे, नकाशा काढावा, छायाचित्रे घ्यावीत. खांब विकण्यापूर्वी त्या गावचा म्हातारा सुतार शोधून सांधा कसा बसविला हे विचारून घ्यावे. आणि जेथे छप्पर अजून धड आहे, तेथे या उन्हाळ्यात निदान पांढरी माती तरी टाकावी. ज्याचे छप्पर राहते त्याचेच खांब राहतात.