‘बोअर आहे’ म्हणण्याआधी: अलीकडे पाहिलेले तीन सिनेमे आणि माझी एक चूक

ज्यांना ऐन वेळी इयरफोन सापडत नाहीत, त्यांच्यासाठी हा एपिसोड इथे लिहून ठेवतोय. बोललो तसाच ठेवलाय, फक्त ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत. तेवढं माफ करा.

आजचा विषय साधा आहे. गेल्या काही महिन्यांत मी तीन मराठी सिनेमे पाहिले: ‘कोर्ट’, ‘वाळवी’ आणि ‘स्थळ’. त्यांच्यावर गप्पा मारायच्यात. पण सोबत अजून एक गोष्ट बोलायचीय. आपण सिनेमा बघून बाहेर येतो आणि मोबाईल काढून ग्रुपवर एक शब्द टाकतो. ‘भारी’, ‘ठीक’, ‘बोअर’. त्या एका शब्दाचं पुढे काय होतं? मी यातल्या एका सिनेमाबद्दल असा शब्द टाकला आणि त्यावर मला घरातूनच एक उत्तर आलं. ते अजून पचलेलं नाही. शेवटी सांगतो.

आधी ‘कोर्ट’

चैतन्य ताम्हाणेचा हा सिनेमा आपल्याकडे १७ एप्रिल २०१५ ला लागला. राष्ट्रीय पुरस्कारांत त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट. गोष्ट अशी की नारायण कांबळे नावाचे एक वयस्क लोकशाहीर आहेत. त्यांचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली, असा त्यांच्यावर आरोप. मग खटला, तारखा, पुन्हा तारखा. कांबळेंचं काम वीरा साथीदार यांनी केलंय, सरकारी वकील गीतांजली कुलकर्णी.

मी हा सिनेमा पहिल्यांदा कसा पाहिला सांगू? यवतमाळ-पुणे ट्रॅव्हल्समध्ये, वरच्या बर्थवर, मोबाईलवर, दीडपट स्पीडने. आणि उतरल्यावर मित्राला सांगितलं, ‘स्लो आहे रे, काहीच होत नाही.’

मागच्या महिन्यात रूमवर लॅपटॉपवर परत लावला, नॉर्मल स्पीडने. आणि लक्षात आलं की होतं सगळं, मलाच दिसलं नव्हतं. या सिनेमात कॅमेरा लांब उभा असतो आणि हलत नाही. कोर्टरूम पूर्ण दिसते. बघण्यासारखं काय आहे ते कोणी झूम करून दाखवत नाही. एका सीनमध्ये न्यायाधीश एका बाईची केस ऐकायलाच नकार देतात, कारण तिने बिनबाह्यांचा टॉप घातलाय. मागे म्युझिक नाही, कोणी चिडत नाही. पुढची केस. दीडपट स्पीडमध्ये हे माझ्या डोळ्यांसमोरून गेलं होतं!

सरकारी वकील बाईंचंही तसंच. कोर्टात त्या कांबळेंना आत ठेवा म्हणून भांडतात. मग कॅमेरा त्यांच्यासोबत लोकलमध्ये जातो, घरी जातो, स्वयंपाक दाखवतो. खलनायक वगैरे नाहीत त्या. नोकरी करून घरी जाणारी बाई आहे. तेच जास्त भीतीदायक वाटलं.

तर पहिला मुद्दा. मत देताना सिनेमा कसा पाहिला तेही सांगा. ‘स्लो आहे’ आणि ‘बसमध्ये फास्ट करून पाहिला, मला स्लो वाटला’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसऱ्या वाक्यात ऐकणाऱ्याला निर्णय घ्यायला जागा राहते.

मग ‘वाळवी’

परेश मोकाशींचा. जानेवारी २०२३ मध्ये आला. स्वप्नील जोशी, अनिता दाते, शिवानी सुर्वे, सुबोध भावे. नवरा आणि त्याची प्रेयसी मिळून बायकोचा खून करायचा प्लॅन करतात. एवढंच सांगतो, कारण पुढचं सांगितलं तर तुम्ही मला ब्लॉक कराल. (हसतो.)

याच्याबद्दल माझा रूममेट म्हणाला, ‘लय भारी, शेवट तर…’ मी त्याच्या तोंडावर उशी ठेवली. ‘वाळवी’सारख्या सिनेमात पुढे काय होणार हे माहीत नसणं हीच मजा असते. ती एकदाच मिळते. तुम्ही ती घेतलीत, तर समोरच्यालाही घेऊ द्या.

मग सांगायचं काय? प्लॉट सोडून बाकी सगळं. हसू कुठल्या प्रकारचं आहे? पोट धरून हसवतो का? नाही, आपण भलत्याच गोष्टीला हसतोय याची लाज वाटत हसवतो. लांबी किती? दोन तासांच्या आत, फुकटचं गाणं नाही. घरच्यांसोबत बघता येईल का? माझ्या आईने पाहिला आणि म्हणाली, ‘माणसं वाईट आहेत पण सिनेमा चांगला आहे.’ यापेक्षा चांगला रिव्ह्यू मला जमणार नाही.

दुसरा मुद्दा हा. गोष्ट सांगणं म्हणजे मत देणं नव्हे. तो सिनेमा तुमच्याशी कसा वागला, ते मत.

एका शब्दाचा हिशोब

तिसऱ्या सिनेमाआधी जरा थिएटरचं गणित. नवीन सिनेमा शुक्रवारी लागतो. शनिवार-रविवारी किती खुर्च्या भरल्या ते बघतात. सोमवारी गर्दी टिकली का ते बघतात. नसेल टिकली तर पुढच्या शुक्रवारी शो कमी होतात, किंवा दुपारच्या अडनिड्या वेळेला जातात, किंवा सिनेमाच उतरतो, कारण रांगेत दुसरा मोठा सिनेमा उभा असतो.

मोठ्या हिंदी सिनेमाला तुमच्या-माझ्या मेसेजने फरक पडत नाही. त्याची जाहिरात रिक्षाच्या मागेही असते. छोट्या मराठी सिनेमाकडे जाहिरातीचे पैसे नसतात. त्याची जाहिरात म्हणजे तुमची आत्या, तुमचा ग्रुप, तुमचं स्टेटस. हे चांगल्या बाजूनेही चालतं. २०२३ मधला ‘बाईपण भारी देवा’ आठवा. बायका ग्रुपने, नटूनथटून गेल्या, मैत्रिणींना सांगितलं, आणि दुसऱ्या आठवड्यात सिनेमाने पहिल्यापेक्षा जास्त कमावले.

आणि ‘स्थळ’

जयंत दिगंबर सोमलकरचा पहिला सिनेमा. २०२३ मध्ये टोरोंटोच्या महोत्सवात तिथला नेटपॅक पुरस्कार मिळाला, आणि आपल्याकडे ७ मार्च २०२५ ला लागला. गाव डोंगरगाव, जिल्हा चंद्रपूर. सविता नावाची मुलगी, कॉलेजला शिकतेय, स्पर्धा परीक्षा द्यायचीय. बाप कापूस पिकवणारा शेतकरी. आणि घरी ‘बघायला’ येणारी माणसं. सविताचं काम नंदिनी चिकटेने केलंय, आणि बोली आमच्या विदर्भातली आहे, उगाच पुण्याची शुद्ध नाही.

सिनेमात बघण्याचा कार्यक्रम पुन्हा पुन्हा होतो. तेच स्टूल, तेच प्रश्न. नाव काय, शिक्षण किती, उंची किती. माणसं बदलतात, प्रश्न बदलत नाहीत.

मी पहिल्या रविवारी पाहिला. बाहेर आलो आणि फॅमिली ग्रुपवर टाकलं: ‘एकच सीन परत परत. बोअर. नका जाऊ.’

मला जे माहीत नव्हतं ते असं. वर्ध्याला माझी चुलत बहीण आहे. तिने महिनाभर आधीपासून काका-काकूंना ‘स्थळ’ दाखवायचं ठरवलं होतं. तिला त्यांच्याशी जे बोलता येत नव्हतं ते सिनेमा बोलेल, असं तिला वाटत होतं. काकांनी माझा मेसेज वाचला आणि म्हणाले, ‘आपला शिकलेला पोरगाच सांगते बोअर आहे, तर कायले जा पैसे घालवाले?’ पुढच्या शुक्रवारी तिथला शो गेला.

रात्री तिचा फोन आला. चिडली नव्हती. म्हणाली, ‘दादा, तुले पावणेदोन तासात कंटाळा आला का? मी दीड वर्षापासून तोच सीन करून राहिली.’

मी काही बोललोच नाही. काय बोलणार?

आता विचार करतो, तर मला कंटाळा आला होता हे खरं आहे. ते सांगण्यात चूक नव्हती. चूक ही झाली की कंटाळा आल्यावर मी तिथेच थांबलो. का आला, हे स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर समोरच होतं. मला कधी कोणी स्टुलावर बसवून उंची विचारली नाही. तो कंटाळा सिनेमाने मुद्दाम दिला होता, आणि मी तो सिनेमाचा दोष म्हणून पुढे पाठवला.

तिसरा मुद्दा तोच. ‘बोअर’चे किमान दोन अर्थ असतात. एक, सिनेमा खरंच फसलाय. दोन, सिनेमा जे दाखवतोय ते मला बघायचं नाहीये. यातला आपला कुठला, हे बघायला दोन मिनिटं लागतात. ती द्या, मग बिनधास्त वाईट बोला. मराठी आहे म्हणून खोटं कौतुक करा असं मी अजिबात म्हणत नाहीये.

ग्रुपवरचा मेसेज मी डिलीट केला, पण त्याचा उपयोग काय? मग काकांना फोन केला. सिनेमा सुरू होतो तो सीन सांगितला. त्यात उलटं असतं: स्टुलावर मुलगा बसलाय, आणि बायका त्याला प्रश्न विचारतायत. काका हसले. मग मी म्हटलं, ‘पुढे तिथं सविता बसते काका. सारखी.’ ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘हं. मोबाईलवर येईन तेव्हा सांगजो.’

एवढंच झालंय अजून. एप्रिलमध्ये बहिणीची परीक्षा आहे, आणि त्याआधीच्या रविवारी परत पाहुणे येणारेत.

तुम्ही अलीकडे काय पाहिलं? व्हॉइस नोट पाठवा. फक्त एका शब्दाची नको. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.