चंद्राच्या पोटातला दगड



मी शास्त्राचा पदवीधर नव्हे. कामगारांच्या सभांत आयुष्य गेले. जे वाचले ते रात्री, कचेरीतल्या बाकावर. तेव्हा विषय चंद्राचा असला तरी सुरुवात विहिरीपासून करतो.

नवी विहीर खणली की काठावर ढीग पडतो. तो पाहून जाणता माणूस आत न उतरता सांगतो की, वर माती आहे, मग मुरूम, मग काळा पाषाण. सर्वांत खोलचा दगड शेवटी निघतो आणि ढिगाच्या माथ्यावर बसतो. चंद्राच्या पोटात काय आहे हे जाणण्याची एक रीत हीच. तेथल्या विहिरी मात्र अंतराळातून येऊन आदळलेल्या पाषाणांनी खणल्या. त्यांना आघातविवरे म्हणतात.

असे एक विवर आपल्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारला आहे. त्याची रुंदी सुमारे १.८ किलोमीटर. काठावर फेकला गेलेला दगड दख्खनचा काळा बेसाल्टच, कारण घाव त्या थराखाली पोचला नाही. आघात जितका मोठा, तितका खोलचा माल वर येतो.

चंद्राचे कवच सरासरी ३४ ते ४३ किलोमीटर जाड आहे, असे २०१२ साली ग्रेल यानांनी केलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या मोजणीवरून ठरले. त्याखाली आहे ते प्रावरण. चंद्र जन्मला तेव्हा त्याचा बराच भाग तप्त शिलारस होता, असे शास्त्रज्ञ मानतात. तो निवताना जड, हिरवट ऑलिव्हिन आधी तळाशी बसले, त्यावर पायरोक्सीन, आणि हलके, पांढरे फेल्स्पार तरंगून त्याचे कवच झाले. परंतु सर्वांत शेवटी, कवचाच्या लगत, लोहयुक्त जड थर गोठला. तो खाली बुडाला असेल, तर प्रावरण ढवळून ऑलिव्हिन वर आले असेल. म्हणजे प्रश्न असा की, कवचाखाली लगेच ऑलिव्हिन आहे की पायरोक्सीन? याच्या उत्तरात चंद्राच्या जडणघडणीची कथा आहे.

साक्षी दोन्ही बाजूंच्या आहेत. कोपर्निकस हे विवर सुमारे ९३ किलोमीटर रुंद. आघातानंतर खालचा खडक उसळून त्याच्या मध्यभागी शिखरे उभी राहिली. तेथून परावर्तित झालेल्या प्रकाशात ऑलिव्हिनची खूण १९८२ साली सापडली. जपानच्या कागुया यानाने टिपलेल्या प्रकाशात क्रिसियमसारख्या विशाल विवरांच्या कडेलाही ती आढळली, हे २०१० साली प्रसिद्ध झाले. उलट दक्षिण ध्रुव-एटकेन हे चंद्रावरचे सर्वांत मोठे विवर, सुमारे २,५०० किलोमीटर रुंद. तेथे ऑलिव्हिन विपुल दिसावे अशी अपेक्षा होती. भरपूर दिसते ते पायरोक्सीन!

मग निकाल लागला का? नाही. एवढ्या प्रचंड आघाताने खडक वितळतो, आणि तो रस निवताना पुन्हा थर लावतो. वर दिसते ते मूळचे नसेलही. कोपर्निकसमधले ऑलिव्हिनही कवचाच्या तळाचे असू शकते. ढीग मिसळला की जाणत्यालाही जपून बोलावे लागते.

म्हणून दगड हातात हवा. चांद्रयान-३ दक्षिण ध्रुवाच्या बाजूस २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरले. तेथल्या मातीत प्रज्ञान गाडीला मॅग्नेशियम अपेक्षेहून अधिक आढळले; त्या महाआघाताने उडवलेला खोलचा माल तेथे मिसळला असावा, असे आपल्या शास्त्रज्ञांनी मांडले. जून २०२४ मध्ये चीनच्या चांग-ए ६ यानाने त्या महाविवरातूनच १,९३५ ग्रॅम माती-खडी आणली. तीतील वितळून गोठलेल्या कणांवरून आघाताचे वय सुमारे ४२५ कोटी वर्षे निघाले. तरीही प्रावरणाचा म्हणून सर्वांनी मान्य केलेला तुकडा अजून हाती नाही.

तंटे सोडवताना मी एक शिकलो : तोंडी हिशेबावर सही करायची नाही, मूळ वही पाहायची. चंद्राची वही त्याच्या विवरांच्या काठावर उघडी पडली आहे. येत्या पौर्णिमेला चंद्राच्या कडेजवळ इतरांपासून सुटा असा एक लंबगोल काळा डाग शोधा. तेच क्रिसियम. आपण विहिरीच्या तोंडाशी उभे आहोत, हे तेव्हा ध्यानात येईल.