चिनी समाजातील टाकाऊ वस्तू वेचणारी मुले : श्रम की काटकसर?

प्रस्तावना

बालमजुरीचा इतिहास सामान्यतः कारखान्यापासून सुरू केला जातो. चीनमधील मुले मात्र कारखाने येण्यापूर्वीपासून टाकाऊ वस्तू वेचण्याच्या कामात गुंतलेली होती. या कामाला श्रमाचा दर्जा का मिळाला नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

टाकाऊ वस्तूंचे अर्थकारण

पारंपरिक चिनी शेती सोनखतावर मोठ्या प्रमाणात अवलंबून होती. अमेरिकन कृषिशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांनी १९०९ मध्ये चीनचा प्रवास केला. शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीने १९०८ मध्ये वर्षाला ७८,००० टन मैला उचलण्याचा हक्क एका चिनी ठेकेदाराला ३१,००० सुवर्ण डॉलरना विकल्याची नोंद त्यांनी 'फार्मर्स ऑफ फॉर्टी सेंच्युरीज' (१९११) या ग्रंथात केली आहे. हा झाला शहरातील प्रौढांचा, हिशेबात येणारा व्यापार. उत्तर चीनच्या खेड्यांत मात्र रस्त्यावर पडलेले जनावरांचे शेण टोपलीत गोळा करण्याचे काम बहुधा मुलांकडे व वृद्धांकडे असे. बीजिंगमध्ये काडेपेट्यांच्या बदल्यात चिंध्या व रद्दी घेणाऱ्या स्त्रिया गल्लोगल्ली फिरत. तर गरीब घरांतील मुले राखेच्या ढिगांतून अर्धवट जळालेला कोळसा वेचून चुलीसाठी घरी आणत. या कामाला ना मालक होता, ना मजुरी. त्यामुळे समाजाच्या दृष्टीने ते मुलाचे कष्ट नसून घरची काटकसर व आईवडिलांप्रति असलेले कर्तव्य ठरले.

कायद्याची मर्यादा

शांघायच्या नगर परिषदेने नेमलेल्या बालमजुरी आयोगाने १९२४ मध्ये अहवाल सादर केला. सूंग मेइलिंग या आयोगाच्या सदस्य होत्या. दहा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी घालावी आणि ही मर्यादा चार वर्षांत बारापर्यंत वाढवावी, अशी शिफारस त्यात होती. परंतु १९२५ मध्ये करदात्यांच्या सभेत गणसंख्येअभावी ती मंजूर होऊ शकली नाही. राष्ट्रवादी सरकारच्या १९२९ च्या कारखाना कायद्याने (अंमल १९३१) किमान वय चौदा ठरविले. तथापि, तो यंत्रशक्ती वापरणाऱ्या व तीस किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांपुरताच होता. जेथे मालकच नाही, तेथे बंदी कोणावर घालावयाची? वेचणारे मूल अशा रीतीने कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले.

कुटुंबाचे आवरण दूर झाल्यावर

व्यंगचित्रकार झांग लेपिंग यांनी १९३५ मध्ये निर्माण केलेला 'सानमाओ' हा मुलगा १९४७ पासून 'दा गोंग बाओ' या दैनिकात शांघायच्या रस्त्यांवर भटकणारा अनाथ म्हणून वाचकांसमोर आला. येथे काटकसरीचे समर्थन लागू पडत नव्हते, कारण ज्याच्यासाठी काटकसर करावी असे घरच उरले नव्हते. कुटुंबाच्या आवरणामुळे झाकले गेलेले मुलाचे कष्ट त्यामुळे वाचकाला स्पष्ट दिसू लागले.

निष्कर्ष

बालमजुरीची व्याख्या मालक व मजुरी यांवर आधारली, तर सर्वांत गरीब मूल तिच्यातून निसटते. चिनी समाजाच्या इतिहासावरून असे दिसते की, ही व्याख्या मुलाचा वेळ कशात खर्च होतो आणि त्यामुळे तो कशास मुकतो, या प्रश्नांपासून सुरू होणे आवश्यक आहे.