डोक्यास मार लागल्यानंतर : मेंदूतील पाण्याचा मागोवा

एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे पुणे आता स्वयंचलित दुचाकींचे शहर झाले आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमान्वये दुचाकीस्वारास शिरस्त्राण बंधनकारक आहे. तरीही जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात या तरतुदीची काटेकोर अंमलबजावणी सुरू होताच तिच्याविरुद्ध आंदोलन झाले. अशा चर्चा बहुधा कवटी फुटण्यापाशीच थांबतात. परंतु जखम भरून रुग्ण घरी परतल्यावर काही आठवड्यांनी वा महिन्यांनी उद्भवणाऱ्या एका विकाराकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मेंदूतील पाण्याच्या अभिसरणात पडणारा अडथळा, हा तो विकार होय.

या पाण्यास मस्तिष्कमेरुद्रव म्हणतात. प्रौढ माणसात कोणत्याही क्षणी तो सुमारे १५० मिलिलिटर असतो. मात्र दिवसभरात सुमारे ५०० मिलिलिटर तयार होतो. म्हणजे सारे पाणी दिवसातून तीन-चार वेळा बदलले जाते. मेंदूच्या आतील चार पोकळ्यांत, म्हणजे मस्तिष्कविवरांत, तो पाझरतो, अरुंद वाटांनी बाहेर येतो, मेंदू व मेरुरज्जूभोवती पसरतो आणि अखेर मुख्यत्वे रक्तात शोषला जातो. मारामुळे मेंदूभोवती रक्तस्राव झाला की, शोषणाच्या वाटा रक्तातील द्रव्यांनी चोंदतात. पाण्याचे उत्पादन मात्र थांबत नाही. पाटाचे तोंड बुजले आणि विहिरीवरचा पंप चालूच राहिला, तर जे होते तेच येथे होते. विवरे फुगतात व ‘जलशीर्ष’ हा विकार होतो.

हे पाणी डोळ्यांना दिसावे कसे? १९१८-१९ मध्ये अमेरिकन शल्यचिकित्सक वॉल्टर डँडी यांनी विवरांत हवा भरून क्ष-किरण चित्रे घेतली. पद्धत उपयुक्त, पण रुग्णास अतिशय क्लेशदायक होती. खरी क्रांती झाली ती १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन घेतले तेव्हा. अनेक कोनांतून घेतलेल्या मोजमापांवरून आतील छेदाचे चित्र गणिताने उभे करणे, हे त्याचे तत्त्व. येथे पुणे जिल्ह्याशी असलेला एक दुवा सांगण्याजोगा आहे. अशाच स्वरूपाचे गणित रेडिओ-खगोलशास्त्रासाठी १९५६ मध्ये रोनाल्ड ब्रेसवेल यांनी मांडले होते व पुढे ते क्ष-किरण चित्रणासही उपयोगी ठरले. नारायणगावजवळ खोडद येथील ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभारणारे गोविंद स्वरूप हे स्टॅनफर्ड विद्यापीठात याच ब्रेसवेल यांचे विद्यार्थी होते.

सीटी स्कॅनमध्ये पाणी काळे व मेंदू करडा दिसतो. त्यामुळे फुगलेली विवरे तत्काळ ध्यानात येतात. पण येथेच तज्ज्ञाची कसोटी लागते. जबर मारानंतर मेंदू स्वतःच आक्रसतो आणि रिकाम्या जागेत पाणी भरते. तेव्हाही विवरे मोठी दिसतात. अशा वेळी मेंदूच्या पृष्ठभागावरील खाचाही रुंदावतात. उलट पाणी तुंबले असल्यास माथ्याकडील खाचा दाबल्या जातात व विवरांच्या कडेने पाणी झिरपल्याच्या खुणा उमटतात. पहिल्या प्रकारात पाणी काढून लाभ नसतो. दुसऱ्यात रुग्ण पुन्हा चालू-बोलू लागण्याची शक्यता असते. म्हणून अपघाताच्या वेळचे पहिले चित्र जपून ठेवणे आवश्यक आहे. विवरे तेव्हा केवढी होती हे त्यावरूनच कळते.

एमआरआय यंत्र आणखी एक पाऊल पुढे जाते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी हे पाणी पुढे-मागे हेलकावते. चित्रण नाडीशी जुळवून घेतल्यास एका दिशेचा प्रवाह पांढरा व उलट दिशेचा काळा दिसतो आणि अरुंद वाट मोकळी आहे की बुजली, हे कळते. तरीही केवळ चित्रावरून शस्त्रक्रियेचा निर्णय होत नाही. योग्य रुग्णात कमरेतून थोडे पाणी काढून चाल सुधारते का, हे पाहिले जाते; मग जरूर तर झडप असलेली बारीक नळी विवरापासून पोटापर्यंत बसवून जादा पाण्यास वाट करून देतात.

या विकाराची लक्षणे फसवी असतात. पाय जमिनीस चिकटल्यासारखी चाल, विसराळूपणा, मंदावलेले बोलणे, लघवीवर ताबा नसणे. वयस्क माणसात ती म्हातारपणावर, तरुणात आळसावर किंवा मनोविकारावर ढकलली जातात. अपघातानंतर कामावर रुजू झालेला शिक्षक फळ्यावरची बेरीज चुकू लागला, तर त्याच्यावर ठपका ठेवण्यापूर्वी त्याचे स्कॅन पुन्हा झाले आहे काय, हे विचारले पाहिजे.

दुसरा प्रकार गळतीचा. कवटीचा तळ तडकल्यास हे पाणी नाकातून किंवा कानातून ठिबकते. वाकल्यावर वाढणारे, बहुधा एकाच नाकपुडीतून येणारे स्वच्छ, खारट पाणी सर्दी समजून दुर्लक्षिले जाते; परंतु त्याच वाटेने जंतू आत शिरून मस्तिष्कावरणशोथ होऊ शकतो. पातळ छेदांच्या सीटी स्कॅनमध्ये हाडाची भेग सापडते. पुष्कळदा ही गळती विश्रांतीने आपोआप थांबते. तोवर नाक जोराने शिंकरू नये, नाकात वा कानात बोळा कोंबू नये आणि रुग्णास मेंदू-शल्यचिकित्सेची सोय असलेल्या रुग्णालयात विनाविलंब न्यावे.