चपट्या भिंगाचा रंगदोष

जत्रेतल्या स्वस्त दुर्बिणीतून चंद्र पाहिला, की त्याच्या कडेला जांभळट झालर दिसते. भिंगातून जाताना निळा प्रकाश तांबड्यापेक्षा अधिक वळतो आणि दोघे एका बिंदूत भेटत नाहीत. हेच वर्णविपथन. खुद्द न्यूटनने हा दोष असाध्य मानला आणि १६६८ मध्ये आरशाची दुर्बीण केली. पुढे चेस्टर मूर हॉल या इंग्रज वकिलाने दोन जातींच्या काचा जोडून तो बराचसा घालवला. एका वकिलाने न्यूटनला खोटे पाडावे, हेही नवलच!

आता तोच रोग मायक्रोवेव्हच्या भिंगांना नव्याने जडला आहे. या लहरींत 'रंग' म्हणजे कंप्रता. त्यांच्यासाठी प्लास्टिकचे जाड भिंग केले, तर रंगदोष जवळपास नसतोच. पण ते बोजड होते. म्हणून तांब्याची बारीक नक्षी छापलेली पातळ पाटी वापरायची, तिला मेटासरफेस म्हणतात. २०११ मध्ये हार्वर्डमधील फेदेरिको कापासो यांच्या गटाने अशा नक्षीने अवरक्त किरण हवे तसे वळवून दाखवल्यापासून या विषयाला जोर आला.

दोष शिरतो तो कुठून? समजा, पाटी ६० सेंटिमीटर रुंद आहे आणि लहरी तितक्याच अंतरावर एकवटायच्या आहेत. कडेच्या लहरीला मधलीपेक्षा सुमारे ७ सेंटिमीटर जास्त चालावे लागते. दोघींनी एकदम पोचायचे, तर मधलीला तेवढे थांबवायला हवे. १० गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३ सेंटिमीटर. म्हणजे हे थांबणे दोन पूर्ण फेरे आणि वर एक तृतीयांशाहून किंचित अधिक. आता घड्याळाच्या काट्याला कोणी विचारत नाही, किती वेळा फिरून आलास? नक्षी याचाच फायदा घेते. पूर्ण फेरे गाळून वरचा तुकडा तेवढा देते. म्हणूनच पाटी पातळ राहते.

मात्र १२ गिगाहर्ट्झला लहर आखूड होते आणि हिशेब पावणेतीन फेऱ्यांच्या वर जातो. नक्षी मात्र जुनाच तुकडा पुढे करते. चूक जवळजवळ अर्ध्या फेऱ्याची! मधल्या आणि कडेच्या लहरी एकमेकींना पुसू लागतात.

यावर इलाज एकच: फेरे न गाळता खराखुरा वेळ द्यायचा. या उदाहरणात तो अब्जांश सेकंदाचा जेमतेम पाव भाग आहे. त्यासाठी प्रत्येक तुकडा देवळातल्या घंटेसारखा घुमवायचा, म्हणजे तो लहरीला क्षणभर धरून ठेवतो. पण घंटा जितकी जास्त वेळ घुमते, तितकी ती एकाच सुराला चिकटून बसते. आपल्याला तर अनेक सूर हवेत. मग वेगवेगळ्या सुरांच्या घंटा एकाखाली एक बसवाव्या लागतात. तांब्याच्या एका थराखाली दुसरा येतो, तिसरा येतो. पाटी रुंद हवी असेल, तर आणखी थर. आणि पातळपणासाठी घडवलेले ते भिंग, पाहता पाहता, पुन्हा जाड होऊ लागते.